'मॅनेजर बदला' म्हणणाऱ्या मित्रांसाठी

(1990 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जून 2025 मध्ये केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला तोच मुळी तक्रारीतून. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी 'सुप्रभात', रात्री 'शुभरात्री' आणि मधल्या वेळेत नुसता फुटबॉल, अशी मैत्रिणींची तक्रार आहे. त्यांनी आपला वेगळा ग्रुप काढला, हे बऱ्याच जणांना आज इथं येऊन कळलं. तेव्हा संयोजक म्हणाले, "एकदाच स्टेजवर उभा राहून काय ते बोलून टाक, म्हणजे ग्रुप मोकळा होईल." पंधरा मिनिटं दिली आहेत. गणिताच्या बाई समोर आहेत, त्यामुळं आकडे जपून सांगतो.

आधी शब्दाचा घोळ मिटवतो. आपल्याकडं मॅनेजर म्हटलं की बँकेचा, नाहीतर क्रिकेट संघाचा, म्हणजे हॉटेलच्या खोल्या आणि सामान बघणारा. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे संघाचा कर्ताधर्ता. कोण खेळणार, कोण बाकावर बसणार, कुणाला विकत घ्यायचं, कुणाला नारळ द्यायचा, यात त्याचा शब्द मोठा. आणि संघ हरला की पहिला नारळ त्यालाच. मी स्वतः तीस वर्षं बँकेत आहे, त्यातली चौदा शाखा व्यवस्थापक म्हणून. म्हणून या भांडणात मला जरा जास्त रस. ग्रुपवर मला 'पार्टी आहेस तू' म्हणतात, ते खोटं नाही.

आपल्या वर्गात आर्सेनलचे सात, मँचेस्टर युनायटेडचे नऊ, लिव्हरपूलचे चार असे भक्त आहेत. वर्ल्ड कपला हे सगळे पुन्हा ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटले जातात आणि पेठेत कमानीएवढे फलक लागतात, तो भाग वेगळा. मी आर्सेनलचा. आमच्यातही दोन पक्ष. एका पक्षाचा म्होरक्या आपला डॉक्टर, दुसऱ्याचा आपला गॅरेजवाला. वाद एकच, गेली साडेपाच वर्षं चाललेला: मिकेल आर्टेटा आल्यापासून संघ पुढं गेला की जागच्या जागी फिरतोय?

ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आर्सेन वेंगर या माणसानं 22 वर्षं हा संघ सांभाळला. 2003-04 चा हंगाम तर 38 सामन्यांत एकही न हरता काढला. त्यानंतर मात्र लीगचं विजेतेपद नाही. 2018 मध्ये वेंगर गेला, उनाई एमरी आला, दीड वर्षात तोही गेला, आणि डिसेंबर 2019 मध्ये आर्टेटा आला. वय 37. संघाचा जुना कर्णधार, मँचेस्टर सिटीत गार्डिओलाच्या हाताखाली शिकलेला, पण स्वतः एकही संघ कधी चालवलेला नाही. डॉक्टरनं त्या रात्री ग्रुपवर लिहिलं होतं, "इंटर्नला डायरेक्ट ऑपरेशन दिलंय."

आठ महिन्यांत त्यानं एफए कप जिंकला, फायनलला चेल्सीला 2-1 हरवून. लीगमध्ये मात्र आठवा. पुढच्या वर्षी परत आठवा. त्या वर्षी नाताळाला 14 सामन्यांत 14 गुण आणि पंधरावा नंबर होता. त्याच्या पुढच्या वर्षी, 2021 च्या ऑगस्टमध्ये, पहिले तीन सामने हरला, नऊ गोल खाल्ले, एकही केला नाही, आणि गुणतक्त्यात तळाशी, विसावा. त्या आठवड्यात डॉक्टर आणि गॅरेजवाला ग्रुपवर जे एकमेकांना बोलले ते गुरुजनांसमोर सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की दोघं दोन महिने बोलत नव्हते आणि डॉक्टरची गाडी त्या काळात दुसरीकडं सर्व्हिसिंगला गेली.

आता माझं म्हणणं. बँकेत नवा मॅनेजर शाखेत आला की पहिल्या वर्षी काय होतं, हे बँकवाल्यांना माहीत आहे. आधीच्या साहेबानं काही कर्जं 'चालू' दाखवलेली असतात. हप्ता थकला की थोडं नवीन कर्ज देऊन जुनं फिरवायचं, मार्च काढायचा, बदली घ्यायची. कागदावर शाखा उत्तम. मग नवा माणूस येतो. तो दोन गोष्टी करू शकतो. तोही फिरवाफिरवी चालू ठेवू शकतो, त्याचंही वर्ष छान जातं. किंवा तो थकलेलं कर्ज थकलेलं आहे असं लिहितो. त्या वर्षी एनपीए वाढतो, नफा खाली येतो, वरून फोन येतात: तुम्ही आल्यापासूनच शाखा कशी काय बिघडली? मला एका शाखेत हा फोन चार वेळा आला. कुठली शाखा ते विचारू नका.

आर्टेटाची पहिली दोन वर्षं मी अशी वाचतो. ओझिल हा संघातला सर्वांत मोठ्या पगाराच्या खेळाडूंपैकी एक, लोकांचा लाडका. जानेवारी 2021 मध्ये गेला. सोक्रातिस आणि मुस्ताफी यांचे करार क्लबनं मुदतीआधी आपसांत मिटवले. बँकेच्या भाषेत, राइट-ऑफ. वर्षभरानं ओबामेयांग, ज्यानं त्या एफए कप फायनलचे दोन्ही गोल मारले, त्याचं कर्णधारपद शिस्तीवरून काढलं आणि पुढं त्यालाही मोकळं केलं. गोल मारणारा माणूस फुकट सोडला! मी सुद्धा त्या दिवशी जेवलो नाही नीट. आणि बदल्यात आणलं कुणाला? 2021 च्या उन्हाळ्यात सहा खेळाडू, सगळे 23 किंवा त्याहून लहान.

पण आठव्या नंबरच्या त्या दुसऱ्या वर्षातच एक आकडा होता, जो डॉक्टरनं कधी ग्रुपवर टाकला नाही. 38 सामन्यांत आर्सेनलनं 39 गोल खाल्ले. त्याहून कमी फक्त सिटी आणि चेल्सीनं. दोन वर्षांपूर्वी हाच संघ 51 खात होता. आणि नाताळापर्यंत 14 सामन्यांत 14 गुण असलेल्यांनी उरलेल्या 24 सामन्यांत 47 गुण घेतले. तक्ता आठवा नंबर दाखवत होता. तक्ता खोटं बोलत नाही, पण तो उशिरा बोलतो. पुढच्या वर्षी पाचवा, मग 84 गुणांनी दुसरा, मग 89 गुणांनी दुसरा.

गॅरेजवाला इथं टाळी मारणार हे मला माहीत आहे, पण थांब. तुझंही एक काढायचं आहे.

मॅनेजर टिकवा म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच उदाहरण असतं: फर्ग्युसन. नोव्हेंबर 1986 मध्ये तो मँचेस्टर युनायटेडला आला तेव्हा संघ 22 पैकी एकविसावा. तीन वर्षांनीही तेराव्या-अकराव्याच्या आसपास. डिसेंबर 1989 मध्ये त्यांच्याच मैदानात त्यांच्याच माणसानं फलक धरला की तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता पुरे, निघा. मग जानेवारी 1990 मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सचा तो गोल, मे महिन्यात एफए कप, आणि 1993 मध्ये 26 वर्षांनी लीग. आपण दहावीचे पेपर देऊन मोकळे झालो होतो त्या मे महिन्यातली ही गोष्ट. आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. आपण दूरदर्शनवर इटलीच्या वर्ल्ड कपची वाट बघत होतो.

गोष्ट खरी, पण पुरावा म्हणून फार कच्ची. फर्ग्युसन आठवतो कारण तो टिकला आणि जिंकला. ज्यांना तीन वर्षं दिली, चार दिली आणि हाती काहीच लागलं नाही, त्यांची नावं कुणाच्या तोंडात नसतात. कर्जदार उशिरानं हप्ता भरतो म्हणून तो पुढचा टाटा-बिर्ला आहे असं कुणी धरत नाही. खुद्द युनायटेडनं फर्ग्युसननंतर हाच धडा गिरवायला घेतला. त्यानंच निवडलेला डेव्हिड मॉईस, सहा वर्षांचा करार, स्टँडमध्ये त्याच्या नावाचा मोठा फलक. मार्च 2014 मध्ये कुणीतरी पैसे काढून मैदानावरून विमान फिरवलं, मागं 'मॉईस हटाव'चा कापडी फलक बांधून. मैदानातल्या बहुतेक लोकांनी विमानाची हुर्यो उडवली आणि मॉईससाठी टाळ्या वाजवल्या. सामनाही 4-1 जिंकले. आणि महिन्याभरात मॉईसला काढलं. करार सहा वर्षांचा, टिकला दहा महिने. मला इथं विमानवाले बरोबर वाटतात की टाळीवाले, याचं उत्तर अजून देता येत नाही. मैदानावर मात्र मी टाळीवाल्यांत बसलो असतो.

आणि या वर्षीचा गोंधळ तर बघा. लिव्हरपूलला आर्ने स्लॉट नवा आला आणि पहिल्याच वर्षी लीग घेऊन गेला. आमचा डॉक्टर लगेच: "बघा, चांगल्या माणसाला वेळ लागत नाही!" अरे पण त्याला क्लॉपनं शाखा कशी दिली होती? स्वच्छ. एकही थकीत नाही. नवे खेळाडू जवळजवळ घ्यावेच लागले नाहीत. क्लॉप स्वतः 2015 मध्ये आला तेव्हा संघ दहावा होता. पहिल्या वर्षी दोन फायनल हरला, आठवा आला. त्या डिसेंबरात वेस्ट ब्रॉमशी घरच्या मैदानावर 2-2 बरोबरी झाली तर पोरांना हातात हात घालून प्रेक्षकांसमोर नेलं, आणि सगळ्या इंग्लंडनं टिंगल केली, बरोबरीचा काय उत्सव करता म्हणून. चार वर्षांनी त्यानं लीग जिंकली, 30 वर्षांनी. स्लॉटला शिकवता येतं यात शंका नाही, पण त्याचं पहिलं वर्ष आणि क्लॉपचं पहिलं वर्ष एका तराजूत कसं घालणार?

मग टॉटनहॅम. हे आमचे शेजारचे वैरी, त्यामुळं मला यात आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. लीगमध्ये 22 सामने हरले, सतरावा नंबर. त्याच संघानं 21 मे ला युनायटेडला 1-0 हरवून युरोपा लीग जिंकली, 17 वर्षांनी पहिला चषक. आणि 6 जूनला मॅनेजर पोस्टेकोग्लूला काढून टाकलं. चषक जिंकून सोळाव्या दिवशी! आपल्या ग्रुपवर त्या रात्री 212 मेसेज पडले, मी मोजले. अर्धे म्हणतात, चषक देणाऱ्याला काढणारे कृतघ्न. अर्धे म्हणतात, 38 सामन्यांचा आजार एका रात्रीच्या नाचानं बरा होत नाही. मला दुसरं पटतं, पण तो मॅनेजर माझ्या क्लबचा असता तर पटलं असतं का, सांगता येत नाही.

आता डॉक्टरची बाजू, कारण तो समोर बसून कधीपासून हात वर करतोय. त्याचं म्हणणं असं: प्रगती प्रगती करत तीन वर्षं ओळीनं दुसरेच आलो. 2022-23 मध्ये 248 दिवस पहिल्या नंबरावर राहून शेवटी सिटीनं गाठलं. या वर्षी रेआल माद्रिदला दोन सामन्यांत 5-1 हरवलं आणि मग सेमीफायनलला पॅरिसशी घरी आणि बाहेर दोन्हीकडं हरलो. गुण 89 वरून 74 वर आले. हवेसुस आणि हावेर्त्झ जखमी झाल्यावर आघाडीला खराखुरा माणूसच नव्हता. मेरिनो या मधल्या फळीच्या खेळाडूला पुढं उभं केलं. सहाव्या वर्षीही सेंटर फॉरवर्ड नाही ही चूक कुणाची? डॉक्टर, इथं मी तुझ्याबरोबर आहे. एनपीए साफ करणं हे पहिल्या दोन-तीन वर्षांचं काम. सहाव्या वर्षीही मॅनेजर जुन्या साहेबाकडं बोट दाखवायला लागला तर मीच त्याची बदली मागेन. आर्टेटानं जे अंतर तोडलं ते आठव्यावरून दुसऱ्यापर्यंतचं होतं, आणि ते त्यानं खरंच तोडलं. दुसऱ्यावरून पहिल्यापर्यंतचं अंतर वेगळ्या जातीचं आहे, आणि ते तो तोडेल की नाही हे या आकड्यांवरून कळत नाही. गॅरेजवाल्याला हे आवडणार नाही.

आता मंडळी, लंडन राहू द्या. उत्तर लंडनचा मॅनेजर आपल्या 212 मेसेजनी हलत नाही. पण पुढच्या रविवारी एक मॅनेजर आपल्यातल्या सहा जणांच्या हातवर करण्यानं जाणार किंवा राहणार आहे, आणि ते सहाही जण इथं जेवायला आलेत. म्हणून खरं तर मी हा विषय घेतला.

आपल्या पेठेच्या तालमीच्या संघाबद्दल बोलतोय. ज्या मुंबई-पुण्याच्या मित्रांना वाटतं फुटबॉल म्हणजे टीव्हीवरचा, त्यांनी एकदा हंगामात शाहू स्टेडियमला यावं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस. दोन तालमींची मॅच असली की त्या दिवशी पेठेतली दुकानं कुणाच्या भरवशावर चालतात ते देवाला माहीत. याच मातीतला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला.

आपल्या संघाला गेल्या दिवाळीत नवा प्रशिक्षक आणला. गोव्यात खेळलेला, वय 34, 'सी' लायसन्स असलेला. पेठेबाहेरचा, आणि हाच त्याचा पहिला गुन्हा. हंगामात लीगमध्ये सहावे, दोन नॉकआऊट स्पर्धांत पहिल्याच फेरीत बाहेर, त्यातली एक टायब्रेकरवर. त्याआधीच्या वर्षी आपण एक चषक उचलला होता. म्हणून आता 'बदला' असा ठराव आलाय.

तो चषक कसा आला ते कार्यकारिणीला माहीत आहे. बाहेरचे पाच खेळाडू, मॅचला इतके असा दर ठरवून. त्याची उधारी अजून फिटायची आहे. हिशेब माझ्याकडं असतो म्हणून सांगतो. नव्या माणसानं पहिल्या महिन्यात सांगितलं, बाहेरचे नकोत. सरावाला न येणाऱ्या दोन सीनियर खेळाडूंना बाकावर बसवलं. त्यातल्या एकाचे काका आपल्या वर्गातले आहेत, ते आज माझ्याशी बोललेले नाहीत. आणि अठरांच्या चमूत अकरा पोरं पेठेतली, एकवीस वर्षांखालची, घेतली.

बँकेची सवय, वही ठेवली. पहिल्या सात सामन्यांत खाल्लेले गोल 15, शेवटच्या सातांत 6. सराव आपल्याच शाळेच्या मैदानावर होतो, हेडसरांच्या परवानगीनं. नोव्हेंबरात सरावाला नऊ-दहा पोरं यायची, एप्रिलमध्ये 22. आपण गोल मात्र फारच कमी केले, आणि पोस्टासमोर मारणारा माणूस नाही. बदली खेळाडू तो सत्तर मिनिटं झाल्याशिवाय उतरवत नाही, पोरं दमून पडली तरी. हे दोष खरे आहेत. स्टँडमध्ये ओरडणाऱ्यांना मी अडाणी म्हणणार नाही; पी.टी.च्या सरांनी आपल्याला शिकवलं तेच ते ओरडत होते: "दमलंय ते पोरगं, काढ की रं त्याला!"

मी रविवारी सभेत काय म्हणणार ते आत्ताच सांगतो, म्हणजे मागून बोलल्यासारखं नको. त्याला आणखी एक हंगाम द्यावा. मोकळा नाही. काय बघणार ते आधीच लिहून द्यावं: पहिल्या सहा सामन्यांत खाल्लेले गोल यंदाच्या शेवटच्या सातांहून वाढता कामा नयेत, एक स्ट्रायकर पेठेतल्या किंवा शेजारच्या तालमीच्या पोरांतून तयार करून दाखवावा, आणि साठाव्या मिनिटाला बाकाकडं बघावं. जानेवारीअखेर पुन्हा बसू. त्यात नाही उतरला तर ठराव मी स्वतः मांडीन, डॉक्टरनं अनुमोदन द्यावं. आणि उधारी फिटेपर्यंत बाहेरचा खेळाडू आणायचा नाही, हे मात्र प्रशिक्षक कुणीही असो, लागू राहावं.

एक गोष्ट मला खटकली ती सांगतो. ठरावाचा कागद आला, त्यावर अकरा सह्या आहेत. या अकरा जणांपैकी कुणीही त्या माणसाला एकदाही विचारलेलं नाही की बाबा, तुझ्या डोक्यात काय आहे, बदली इतक्या उशिरा का करतोस. गुरुवारी मी मैदानावर जाऊन विचारलं. पाऊस होता, पोरं चिखलात पळत होती. तो म्हणाला, बाकावरच्या चौघांना सामन्याची भीती वाटते, डिसेंबरात दोघांना लवकर उतरवलं तर स्टँडमधून जे ऐकावं लागलं त्यानंतर त्यातला एक पंधरा दिवस सरावाला आला नाही. म्हणून हरता सामना असला की तो त्यांना शेवटी उतरवतो. बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा. मला हे उत्तर माहीत नव्हतं.

त्याला सभेला बोलवावं असं मी अध्यक्षांना सुचवलंय, आणि ते हो म्हणालेत. रविवारी सराव साडेसहाला संपतो, सभा तालमीत सातला आहे. सह्या केलेल्या अकराही जणांनी यावं. डॉक्टर, तू दवाखाना एक तास लवकर बंद कर. गॅरेजवाला तुला घ्यायला येईल, मी त्याला सांगितलंय.